दशावतार कंपनीचा इतिहास लिहायला घेताय? आधी जत्रांची वही मागा

गावातल्या दशावतार कंपनीची (म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर पौराणिक नाटक करणाऱ्या मंडळीची) माहिती लिहून द्या, फेसबुकवर टाकायचीय, नायतर अनुदानाच्या फॉर्मला जोडायचीय, असं काम हल्ली गावातल्या शिकलेल्या पोराच्या किंवा मास्तरांच्या गळ्यात पडतंच. मग बहुतेक जण मालकांना फोन लावतात, स्थापना कधी, संस्थापक कोण, पुरस्कार किती, झालं एक पान तयार. ते पान कुठल्याही कंपनीच्या नावाने खपेल असं असतं, म्हणून जरा वेगळ्या पद्धतीने करा.

स्थापनेच्या सालाच्या मागे लागू नका, आधी जत्रांची वही मागा. जुन्या कंपन्यांच्या काही गावच्या जत्रा ठरलेल्या असतात, तिथे सुपारीची (पैसे ठरवून प्रयोग लावायची) बोलणी वगैरे नसतात, कार्तिकातली ती तिथी आली की त्या देवळासमोर तीच कंपनी उभी राहणार हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. हे नातं कधीपासूनचं, देवस्थानकडून मानाचं काय मिळतं, मध्ये कधी खंड पडला का, पडला तर कशावरून, हे सगळं गावागणिक विचारा. तिथीच लिहा, तारीख दरवर्षी बदलते. आणि देवस्थानच्या मानकऱ्यांनाही तेच वेगळं विचारा, कारण कंपनीच्या आठवणीत नसलेलं कधीकधी त्यांच्या आठवणीत सापडतं.

सालं कशी काढायची? म्हाताऱ्या कलाकाराला "कुठलं साल?" विचारलंत तर तो हसेल. त्याला मोठ्या घटना द्या. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, तोही पहाटे चारनंतरचा, मार्गशीर्ष, म्हणजे ऐन जत्रांचे दिवस आणि कुठेतरी नाटक चालू असणारच. "त्या राती खय होतास?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. "भूकंप झालो त्या वर्षा मी पैलो संकासूर केलंय" (संकासूर म्हणजे नाटकाच्या सुरुवातीला येणारा राक्षस) असं एक वाक्य मिळालं तरी माणूस, भूमिका आणि साल तिन्ही हातात आली. तसंच आणीबाणी, १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला ते, १९९८ ची कोकण रेल्वे, २०२० चा लॉकडाऊन. गावात वीज कधी आली आणि त्याआधी गॅसबत्तीवर नाटक कसं व्हायचं हा प्रश्न तर हमखास चालतो.

बोलायला कधी जायचं? सीझनमध्ये नको. रात्रभर नाटक, सकाळी दहीकाला, मग टेम्पोत झोप आणि संध्याकाळी पुढचं गाव, या माणसाला दुपारी उठवून मुलाखत घेणं म्हणजे पाप. भाताची लावणी आटपली की गणपतीपर्यंत जो मोकळा काळ असतो तो पकडा. आणि मालकांवर थांबू नका. राजपार्टी, खलपार्टी (राजाच्या आणि खलनायकाच्या भूमिका) करणारे कलाकार आज या कंपनीत तर पुढच्या वर्षी दुसऱ्या, त्यामुळे एकाच कंपनीचा सलग इतिहास त्यांच्याकडे नसतो (गमतीजमती मात्र भरपूर). माझ्या मते सगळ्यात भरवशाचा माणूस पेटीवरचा हरदास (हार्मोनियम वाजवत गाणारा), मग मृदुंगवाला, कारण ते रात्रभर एका जागी बसून सगळं बघतात. स्त्रीपार्टी (बाईची भूमिका) करणाऱ्या पुरुषांशी निवांत बोला, लुगडं कोणाकडून नेसायला शिकले, दागिने कुठून आणायचे, घरचे काय म्हणाले. इथे घाई केलीत तर ठरलेली उत्तरं मिळतील.

नावाचा गोंधळ आधीच सोडवून घ्या. मोचेमाडकर, वालावलकर, आजगावकर, चेंदवणकर ही नावं गावांवरून आलेली, नेरूरच्या कलेश्वर मंडळाचं नाव देवावरून. नावात गाव असलं म्हणजे आजचा मालक त्याच गावात राहतो असं नाही, भाऊ वेगळे झाले की मिळत्याजुळत्या नावाच्या दोन कंपन्याही होतात. कोण मूळ, कोण शाखा यात तुम्ही न्यायाधीश होऊ नका, दोघं काय सांगतात ते दोन्ही लिहा.

कागद शोधताना हे ध्यानात ठेवा की १९८१ च्या आधीचं सगळं रत्नागिरी जिल्ह्यात, आणि १९४८ पर्यंत सावंतवाडी हे वेगळं संस्थान. म्हणजे वेंगुर्ल्याच्या आणि सावंतवाडीच्या कंपनीचे जुने कागद एका ठिकाणी मिळायचे नाहीत. गावच्या जुन्या वाचनालयात चक्कर मारा. घरात हिशेबाची वही, हँडबिलं, पेटाऱ्याच्या तळाशी राहिलेलं काहीबाही असतं, ते तिथल्या तिथे मोबाईलवर फोटो काढून परत द्या. घरी नेऊ नका. नेलेले कागद परत येत नाहीत हा सगळ्यांचा अनुभव आहे आणि त्यामुळे पुढच्याला कोणी दार उघडत नाही.

उगमाबद्दल एकच परिच्छेद पुरे. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळ्यांनी १७२८ च्या सुमारास दशावतार कोकणात आणला असं सांगतात, दुसरीकडे वेगळं नाव ऐकू येतं, आणि कर्नाटकातल्या यक्षगानाशी नातं तर बघताक्षणी जाणवतं. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ती मराठी रंगभूमीची सुरुवात मानतात, त्यावर आमच्याकडे "मग आम्ही काय करत होतो?" असा वाद रात्रभर चालतो. चालू दे. तुमच्या कंपनीच्या माहितीत "तीनशे वर्षांची परंपरा" घालायचा मोह मात्र आवरा, परंपरा जुनी असेल, तुमची कंपनी तेवढी आहे का?

त्यापेक्षा आडदशावतार, म्हणजे मुख्य नाटकाआधीचा ठरलेला भाग, नीट लिहून काढा. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, मग काळ्या कपड्यातला वेद पळवणारा संकासूर, त्याचं मालवणीतलं बोलणं, विष्णूशी युद्ध. लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी होतात, त्यामुळे तुमचा संकासूर कुठल्या कोट्या करतो, गणपतीला कुठलं पद लावतात हे कंपनीगणिक बदलतं. हल्ली ट्रिकसीनच्या (चमत्काराच्या दृश्यांच्या) नादात हा भाग बऱ्याच ठिकाणी उरकून टाकतात. मोबाईल पेटीजवळ ठेवून अख्खा रेकॉर्ड करा, विचारून.

आता ध्येय-उद्देश. मंडळ रजिस्टर असेल तर घटनेत उद्देश लिहिलेले असतातच, "लोककलेचे जतन व संवर्धन करणे" वगैरे, सगळ्या मंडळांचे सारखे. ते उतरवू नका. मालकांना सरळ विचारा, कमी पैशाची पण मानाची जत्रा आणि मोठी सुपारी एकाच रात्री आली तर कुठे जाता? पावसाळ्यात कलाकारांना उचल देता का? नवीन पोरगा आला तर त्याला पहिलं काय करायला लावता? आडदशावतार कापायला सांगितला तर ऐकता का? या चार उत्तरांतून जे निघेल तेच कंपनीचं ध्येय, दहा-पंधरा माणसांच्या चुली ज्यावर पेटतात त्या धंद्याचं. चार साध्या वाक्यांत लिहा.

झालं की सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवा, भांडणं तिथेच होऊ देत. आणि पानाच्या शेवटी सुपारीसाठीचा फोन नंबर टाका, रेंज असलेल्या माणसाचा, कारण वाचणाऱ्यातल्या निम्म्यांना हवा असतो तो नंबरच.