फ्रेशरचा सीव्ही: 'हार्डवर्किंग' नको, काय केलंय ते लिहा

लास्ट इयरला असाल आणि प्लेसमेंट तोंडावर आली असेल तर सीनियरकडून आलेली ती वर्ड फाइल आधी बाजूला ठेवा. तीच फाइल अख्ख्या वर्गात फिरते, वर तेच करिअर ऑब्जेक्टिव्ह, खाली तेच हार्डवर्किंग, क्विक लर्नर, टीम प्लेयर, मग एचआरने तुम्हाला वेगळं ओळखायचं कसं?

आपल्याकडे सीव्ही आणि लग्नाचा बायोडेटा यांची फार सरमिसळ होते. वडिलांचं नाव, धर्म, मॅरिटल स्टेटस, शेवटी 'वरील माहिती खरी आहे' आणि सही, प्रायव्हेट नोकरीच्या सीव्हीत हे सहसा लागत नाही (सरकारी फॉर्मचं वेगळं, तिथे मागतील ते द्या). नाव, मोबाइल, साधासा ईमेल, शहर, लिंक्डइन, बास.

आता मुख्य मुद्दा. 'मला एक्सपिरियन्सच नाही' हे मला अजिबात पटत नाही. एनएसएसचं 7 दिवसांचं शिबिर केलंत ना, मग नुसतं 'एनएसएस व्हॉलंटियर' का लिहिता? तिथे 60 जणांच्या जेवणाची खरेदी आणि हिशोब तुम्ही बघितला असेल तर तसंच लिहा. गणपती मंडळाची वर्गणी एक्सेलमध्ये ठेवली, पावत्या जुळवल्या, हेही अकाउंट्सच्या जॉबला कामाचं आहे. काय केलं, किती केलं, त्यातून काय झालं, एवढं एका ओळीत बसवा, आणि इंग्लिशमध्ये लिहिताना ओळ मॅनेज्ड, बिल्ट, डिझाइन्ड अशा क्रियापदाने सुरू करा. आकडे मात्र खरेच टाका, इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्यावरच येऊ शकतो.

स्किल्सचंही तेच. 'टॅली येतं' यापेक्षा 'टॅलीत जीएसटी एंट्री आणि बँक रिकन्सिलिएशन केलंय' हे कितीतरी वजनदार वाटतं. इंजिनिअरिंगवाल्यांनो, ग्रुप प्रोजेक्ट चौघांचा असतो, त्यात तुमचा वाटा कुठला ते स्पष्ट लिहा, आणि गिटहबची लिंक देणार असाल तर आत रीडमी (प्रोजेक्ट काय आहे, कसा चालवायचा ते सांगणारी फाइल) तरी असू द्या.

डिझाइनवर रात्र घालवू नका. कॅन्वाचे दोन कॉलमवाले, स्किल्सचे बार आणि स्टार असलेले टेम्प्लेट दिसतात छान, पण बऱ्याच कंपन्यांत सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि ते तिथे गोंधळू शकतं. सोपी टेस्ट सांगते, पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, ओळी उलटसुलट झाल्या किंवा मजकूर गायब झाला तर सरळ एका कॉलममध्ये परत बनवा. एक पान पुरे.

आणि प्लीज, एकच सीव्ही पन्नास ठिकाणी ढकलू नका. जाहिरातीत जी कामं मागितलीत त्यातलं जे तुम्ही खरंच केलंय ते वर आणा, त्यांचेच शब्द वापरा, मग फाइलला 'न्यू सीव्ही फायनल 2' ऐवजी स्वतःचं नाव आणि पोस्ट द्या आणि पाठवा.