पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका : नाशिककरांना रोज लागणारे कायदे कसे वापरायचे

माझा भाचा शिरपूरहून अंबडच्या एमआयडीसीत कामाला लागला तेव्हा त्याने सिडकोत दोन खोल्या भाड्याने घेतल्या, 50,000 डिपॉझिट दिलं, आणि मालकाने स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिली की झाला करार. अकरा महिन्यांनी घर सोडताना मालक म्हणाला रंगाचे इतके, गिझरचे इतके, आणि बत्तीस हजार कापून उरलेले हातावर ठेवले. भाच्याकडे दाखवायला काय, तर त्या नोटरीची एक झेरॉक्स, त्यात डिपॉझिटचा आकडा पेनाने खोडून वर दुसरा लिहिलेला, आणि खाडाखोडीवर सही कुणाचीच नाही. "मावशी, आता काय करायचं?" असं त्याने विचारलं आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा हे कायदे नीट वाचायला बसले.

वाचल्यावर एक गोष्ट पक्की कळली. कायदे बरेचसे आपल्याच बाजूचे आहेत, पण ते चालतात कागदावर, तारखेवर आणि पोचेवर. तोंडी बोलून आलो की आपण तिथे गेलोच नव्हतो असं धरा. म्हणून खाली जे जे सांगतेय त्यात प्रत्येक ठिकाणी हेच येणार, कंटाळा करू नका.

आधी भाड्याचं घर, कारण नाशकात धुळे-नंदुरबार-जळगावकडून शिकायला, कामाला येणारी पोरं भरपूर आणि फसतातही तीच. 11 महिन्यांचा करार असला की रजिस्टर करायला लागत नाही असं सगळे सांगतात, ते आपल्या राज्यात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, त्याचं कलम 55, यात करार लेखी पाहिजे आणि रजिस्टरही झाला पाहिजे असं स्पष्ट आहे, मुदत कितीही असो. रजिस्टर करण्याची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नाही केला तर मालकाला 5,000 पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे, करार रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं काम मालकावर येतं.

हे एवढं एक वाक्य आम्ही पत्रात लिहिलं. तारीख टाकली, डिपॉझिट कधी किती दिलं, त्यातले किती यूपीआयने गेले त्याचं बँक स्टेटमेंट जोडलं, पंधरा दिवसांची मुदत दिली आणि स्पीड पोस्टाने पाठवलं, पावती जपून ठेवली. मालकाने अकराव्या दिवशी फोन केला आणि चोवीस हजार परत दिले. आठ हजार गेले, रंगाचं खरंच काम निघालं होतं थोडं, म्हणून आम्हीही ताणलं नाही.

तर करार असा करायचा. आता ऑफिसात रांगेत उभं राहायची गरज नाही, नोंदणी विभागाच्या आयजीआर महाराष्ट्र साइटवर लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच भाड्याचा करार, ऑनलाइन होतो, दोघांचे आधार, पॅन, मिळकतीचा तपशील भरायचा आणि अंगठ्याच्या मशीनवर दोघांचे ठसे. मशीन घरी नसतं म्हणून बरेच लोक एजंटला बोलावतात, तो घरी येऊन करून देतो, पण त्याची फी आणि सरकारी फी वेगवेगळी विचारा, ते एकत्र करून सांगतात आणि माणूस गोंधळतो. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात. म्हणजे 10,000 भाडं, 11 महिने, 50,000 डिपॉझिट असेल तर स्टॅम्प ड्युटी तीनशेच्या आसपास येते, आणि महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी 1,000. एवढ्या पैशासाठी लोक 50,000 धोक्यात घालतात हे बघून खरंच वाईट वाटतं. डिपॉझिट कॅशने देऊ नका, दिलंच तर आकडा करारात अक्षरी लिहून घ्या. घरात शिरायच्या दिवशी नळ, गिझर, भिंती, खिडक्यांच्या काचा सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा, तीही पोचच झाली. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते ती मालकाकडून देऊन घ्या, ऑनलाइनही होते.

दुसरं, दाखले. उत्पन्नाचा, रहिवासाचा, नॉन-क्रिमीलेयर, घरपट्टीवर नाव लावणं, यासाठी आपण चार-चार चकरा मारतो आणि "साहेब नाहीत" ऐकून घरी येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, त्यात जाहीर केलेल्या प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले आहेत, आणि ते दिवस, फी, अधिकाऱ्याचं पद हे ऑफिसात बोर्डावर लावणं बंधनकारक आहे. आत गेलात की आधी बोर्ड शोधा, फोटो काढा. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून करा आणि अर्जाचा नंबर असलेली पावती घेतल्याशिवाय हलू नका. दिवस उलटले किंवा कारण न देता नाकारलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर दुसरं, आणि त्यानंतर सेवा हक्क आयोग, नाशिक विभागासाठी स्वतंत्र आयुक्त आहेत. कारण नसताना उशीर केलेल्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 दंड होऊ शकतो. मी हे एकदाच वापरलं, घरपट्टीच्या नावासाठी. दोन प्रती घेऊन गेले, खिडकीतल्या बाईंनी एक ठेवली आणि दुसरी तशीच परत सरकवली, मी म्हटलं ताई शिक्का मारा. त्यांनी ड्रॉवर उघडला, गोल शिक्का शाईच्या पॅडवर दाबला, तारीख टाकली, खाली आवक नंबर लिहिला. दहा सेकंदांचं काम, पण नंतर अपील करताना तोच कागद पुढे ठेवला.

महापालिकेत कुठे जायचं हा प्रश्न पडतो, तर सगळ्यासाठी शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात जायची गरज नसते. पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिक रोड, सिडको, सातपूर अशी सहा विभागीय कार्यालयं आहेत, रोजची बरीच कामं तिथेच होतात. घरी बाळ जन्मलं असेल तर जन्माची नोंद 21 दिवसांत, त्यानंतर लेट फी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा, म्हणून नावाचं स्पेलिंग घेतानाच तपासा.

तुमच्या गल्लीचा रस्ता कितीला झाला, ठेकेदाराची दुरुस्तीची मुदत किती, हे विचारायचं असेल तर माहिती अधिकार. साधा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि महाराष्ट्रात 150 शब्दांच्या आत. "का केलं नाही" असं विचारलं की उत्तर टाळायला जागा मिळते, "वर्क ऑर्डरची प्रत द्या, मोजमाप पुस्तिकेची प्रत द्या" असं कागदाचं नाव घेऊन मागा. 30 दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील.

पोलीस स्टेशनचं फार जणांना माहीत नसतं. मोबाइल नाशिक रोडला चोरीला गेला आणि तुम्ही राहता पंचवटीत, तरी "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173, गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो असा, असेल तर माहिती घ्यावीच लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइनही तक्रार देता येते, मग तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागा. घेतच नसतील तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना पोस्टाने लेखी तक्रार, आणि तरी हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

आवाजाचं थोडक्यात. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या 100 मीटरमध्ये शांतता क्षेत्र. सण-उत्सवात सरकार वर्षातले ठरावीक दिवस 12 पर्यंत सूट देतं, ते दिवस आधीच जाहीर होतात. नाशिक ढोल आपल्या सगळ्यांच्या आवडीचा, पण शेजारी कुणी आजारी असेल तर आधी मंडळाच्या पोरांशी बोला, बहुतेक वेळा ऐकतात. नाही ऐकलं तर 112.

संक्रांतीला मात्र बोलत बसू नका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच बंदी घातली आहे, तरी दरवर्षी गाडीवर जाणाऱ्यांचे गळे कापतात, पक्षी लटकलेले दिसतात. कुणी विकताना दिसला तर जागा आणि वेळ सांगून लगेच 112 ला फोन करा. आणि मुलाच्या चक्रीत तो दिसला तर आजच काढून टाका.

झाडाचंही तसंच. स्वतःच्या अंगणातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, 1975 चा महाराष्ट्राचा झाडं जतनाचा कायदा आहे, आणि त्यात तोडणं म्हणजे जाळणं, इजा करणंसुद्धा. परवानगी मागितली की त्या झाडावरच नोटीस लावावी लागते, पेपरातही द्यावी लागते. रस्त्याने जाताना खोडावर कागद चिकटवलेला दिसला तर थांबून वाचा, फोटो काढा, दिलेल्या मुदतीत उद्यान विभागात लेखी हरकत द्या. दोन प्रती घेऊन जा, एकीवर शिक्का.