टॅबलेट पेनड्राइव्हवरून बूट होत नाही? पेनड्राइव्ह पुन्हा बनवण्याआधी या चुका टाळा

एका जुन्या विंडोज टॅबलेटवर लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला बसलो होतो. पेनड्राइव्ह बनवला, लावला, आवाज कमी करायचं बटण दाबून टॅबलेट चालू केला, तर समोर पुन्हा विंडोजच. पेनड्राइव्ह परत बनवला. मग वेगळ्या सॉफ्टवेअरने बनवला. मग पेनड्राइव्हच बदलला. तीन संध्याकाळी यात गेल्या आणि पेनड्राइव्ह पहिल्यापासून ठणठणीत होता.

तो लॅपटॉपला लावून बघायचं मला सुचलंच नाही. लॅपटॉपवर बूट झाला, म्हणजे त्यातली सिस्टीम सुरू झाली, की पेनड्राइव्ह निर्दोष, गुंता टॅबलेटमध्ये. तिथेही झाला नाही, तर आयएसओ फाइल (सगळी सिस्टीम एकत्र बांधलेली इमेज) सॉफ्टवेअरने न लिहिता नुसती कॉपी-पेस्ट केली आहे का ते बघा. ही चूक फार होते: पेनड्राइव्हमध्ये एकच भलीमोठी आयएसओ फाइल पडलेली असते आणि माणूस बूट मेनूत तिची वाट बघत बसतो.

टॅबलेट मुळात कोणता आहे?

आयपॅड बाहेरच्या पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालू करूच देत नाही. अँड्रॉइड टॅबलेटला संगणकासारखा बूट मेनू नसतो. तिथे बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करणं, फास्टबूट, रिकव्हरी असा वेगळाच मार्ग असतो. २०१२ सालचा सरफेस आरटी दिसायला विंडोजचा असला तरी आत इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी एआरएम चिप आहे आणि सिक्युअर बूट (विश्वासू सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारं कुलूप) बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने त्यात ठेवलीच नव्हती. पुढचं सगळं इंटेल किंवा एएमडी चिपच्या विंडोज टॅबलेटबद्दल आहे.

नेमकं कुठे अडतंय ते बघा

‘बूट होत नाही’ या तक्रारीखाली निदान तीन वेगळे आजार असतात. पेनड्राइव्हचं नाव यादीत येतच नाही. किंवा नाव येतं, पण निवडलं की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि आपण परत त्याच यादीत. किंवा सुरक्षेबद्दलचा इशारा येतो. तिघांवरचा उपाय वेगळा, म्हणून आधी डोळे उघडे ठेवून एकदा नीट बघा, मग हात लावा.

नाव यादीतच नाही

पहिला संशय केबलवर घ्या. मायक्रो यूएसबी पोर्टला साधी चार्जिंग केबल चालत नाही, पेनड्राइव्हसारखी उपकरणं जोडणारी ओटीजी केबल लागते. तिच्या प्लगमधली आयडी पिन ग्राउंडला जोडलेली असते आणि त्यावरूनच टॅबलेटला कळतं की समोरच्या उपकरणाला वीज आपण द्यायची आहे. एकच पोर्ट असेल तर कीबोर्डसाठी हब लागतो आणि तोही शक्यतो स्वतःचा वीजपुरवठा असलेला. बॅटरी आधी भरून घ्या, कारण बऱ्याच टॅबलेटमध्ये त्या पोर्टवर चार्जिंग आणि पेनड्राइव्ह एकत्र जमत नाही. ब्लूटूथ कीबोर्ड इथे विसरा. विंडोज सुरू होण्याआधी त्याला सहसा कोणी ओळखत नाही.

टॅबलेटच्या स्वतःच्या खाचेतलं मायक्रोएसडी कार्डही असंच फसवतं. विंडोजमध्ये ते छान दिसतं, पण बऱ्याच टॅबलेटचं फर्मवेअर (विंडोजच्या आधी चालणारं, टॅबलेटमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) त्या खाचेतून बूट करू शकत नाही. तेच कार्ड यूएसबी कार्ड रीडरमध्ये घालून लावा.

आणि बटणं दाबण्याची कसरत सोडा. विंडोज चालू असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा. निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ हा पर्याय आला तर त्यात पेनड्राइव्ह शोधा. नुसतं शटडाउन करून परत चालू करण्यात एक मेख आहे: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. सरफेसवर बटणांची जोडी लक्षात ठेवा: आवाज कमी आणि पॉवर म्हणजे यूएसबीवरून बूट, आवाज जास्त आणि पॉवर म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंग.

नाव दिसतं, पण निवडलं की परत यादीत

माझा टॅबलेट इथेच अडला होता. २०१४च्या आसपास इंटेल ॲटम चिपवरचे, विशेषतः झेड३७३५एफ चिपचे, स्वस्त टॅबलेट भरपूर आले. चिप ६४ बिटची, पण रॅम एक-दोन जीबी, त्यामुळे आत विंडोज ३२ बिटचं आणि ते चालवायला यूईएफआय, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअरही, ३२ बिटचं.

आता यूईएफआय काय करतं? पेनड्राइव्हमध्ये ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’ फोल्डर, आणि त्यात ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. ६४ बिटचं फर्मवेअर ‘बूटएक्स६४’ मागतं, ३२ बिटचं ‘बूटआयए३२’. बऱ्याच आयएसओंमध्ये पहिलीच फाइल असते. फर्मवेअर आत डोकावतं, हवी ती फाइल मिळत नाही आणि एक शब्द न बोलता माघारी येतं. चूक सांगायचं सौजन्यही नाही!

हे ओळखायला टॅबलेट उघडावा लागत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’ उघडा आणि ‘सिस्टीम टाइप’ची ओळ वाचा. तिथे ३२ बिटची ऑपरेटिंग सिस्टीम पण प्रोसेसर एक्स६४ असं लिहिलेलं असेल, आणि सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड यूईएफआय दिसत असेल, तर फर्मवेअर ३२ बिटचंच आहे. कारण यूईएफआयवर विंडोजला फर्मवेअरइतक्याच बिटचं असावं लागतं.

अशा टॅबलेटवर विंडोज ११ चा नाद सोडा, त्याची ३२ बिटची आवृत्तीच नाही. विंडोज १० ची आहे, पण तिचा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. लिनक्समध्ये डेबियन या प्रकाराने ३२ बिट यूईएफआय आणि ६४ बिट चिप ही जोडी २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून सांभाळली आहे. दुसऱ्या आयएसओमध्ये ‘बूटआयए३२’ फाइल आपण हाताने टाकू शकतो, पण इमेज जशीच्या तशी लिहिलेल्या पेनड्राइव्हवर ती सहजी टाकता येत नाही.

फाइल बरोबर असूनही तसंच होत असेल तर पेनड्राइव्हचा फॉरमॅट (फायली साठवायची पद्धत: फॅट, एनटीएफएस वगैरे) बघा. यूईएफआयला फॅट वाचता येणं बंधनकारक आहे, एनटीएफएस नाही. मात्र फॅट३२ मध्ये ४ जीबीची फाइल मावत नाही आणि विंडोजची इन्स्टॉल फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. रुफससारखं सॉफ्टवेअर एनटीएफएस पेनड्राइव्हवर एक छोटा फॅट विभाग जोडून यातून वाट काढतं.

सुरक्षेचा इशारा आला तर

हे सिक्युअर बूटचं काम. उबंटू, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या बूट फाइलवर मायक्रोसॉफ्टची सही असते, त्यामुळे त्या सहसा चालतात. पण काही सरफेसमध्ये ‘फक्त मायक्रोसॉफ्ट’ असा पर्याय निवडलेला असतो, तो बदलून तिसऱ्या पक्षाची प्रमाणपत्रंही चालतील असा करावा लागतो.

सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्क एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. आपण एन्क्रिप्शन कधी चालू केलंच नाही, या भरवशावर राहू नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर बऱ्याच टॅबलेटवर ते आपोआप चालू होतं. की नसेल आणि विंडोजने मागितली, तर आतल्या फायली गेल्या म्हणून समजा.

माझ्या टॅबलेटला मी शेवटी डेबियनचा पेनड्राइव्ह लावला. स्क्रीन काळी झाली, नेहमीसारखी. मग मेनू आला, पण आडवा! आतला पॅनेल मुळात उभ्या स्क्रीनचा असल्याने मेनू एका कुशीवर झोपलेला. मान वाकडी करून वाचला आणि एंटर दाबलं.