गूगल शीट्समध्ये देवनागरी आकड्यांची बेरीज: स्वतःचं फंक्शन लिहून

मंडळाच्या वर्गणीचा किंवा सोसायटीच्या मेंटेनन्सचा कॉलम '१,२५०/-', 'रु. ५००' असा भरलेला असेल, तर त्याखाली 'सम' लावल्यावर उत्तर शून्य येतं. शीटच्या लेखी हा सगळा मजकूर असतो आणि 'सम' मजकूर सरळ वगळतं. हाताने दुरुस्त करत बसू नका, त्यात नव्या चुका शिरतात. त्यापेक्षा एक फंक्शन लिहून ठेवा.

'एक्स्टेन्शन्स' मेनूतून 'ॲप्स स्क्रिप्ट' उघडा. इथली भाषा जावास्क्रिप्ट. फंक्शनला रोमन अक्षरांत 'आकडा' असं नाव द्या. नावाच्या शेवटी अंडरस्कोअर नको. तसं फंक्शन खासगी धरलं जातं आणि सेलमधून चालत नाही.

आत कामांचा क्रम महत्त्वाचा. सेलमधून आलेली नोंद आधीच संख्या असेल तर तशीच परत करा. रिकामा सेल रिकामी स्ट्रिंग (मजकूर) म्हणून येतो, तोही रिकामाच परत करा. मजकुराची संख्या बनवणाऱ्या 'नंबर'मधून काढलात तर त्याचा शून्य होतो आणि सरासरी बिघडते. मग 'रु.' टिंबासकट काढा. नुसतं 'रु' काढलं तर 'रु. १२५०.५०' मध्ये दोन टिंबं उरतात आणि संख्या बनत नाही. त्यानंतर '/-', स्वल्पविराम आणि स्पेस. कॉपी-पेस्ट केलेल्या मजकुरात न दिसणारी जोडचिन्हंही येतात (युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाचा ठरलेला क्रमांक, ८२०३ ते ८२०५). स्पेस शोधणारा रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात शोधायचा नमुना) त्यांना पकडत नाही, ती वेगळी काढावी लागतात.

आता अंक. जावास्क्रिप्टचं 'नंबर' देवनागरी अंक ओळखत नाही, आणि अंक शोधणारं 'बॅकस्लॅश डी' हे चिन्हही फक्त इंग्रजी अंक शोधतं. म्हणून '०-९' ही देवनागरी रेंज द्या. '०' चा युनिकोड २४०६. प्रत्येक अंकाच्या कोडमधून २४०६ वजा केले की खरा अंक मिळतो. एवढं करूनही संख्या बनली नाही (शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' टाइप झालेला असतो), तर शून्य कधीही परत करू नका, 'तपासा' हा शब्द परत करा. नाहीतर बेरीज गुपचूप कमी येईल.

पाचशे सेलमध्ये पाचशे वेळा फंक्शन लावलं तर शीट रखडतं, कारण हिशोब गूगलच्या सर्व्हरवर होतो. एकाच सेलमध्ये 'बी २ ते बी ५०१' ही अख्खी रेंज द्या. ती ओळींच्या ॲरेच्या (यादीच्या) रूपात येते, आणि प्रत्येक ओळ हीसुद्धा एक यादी असते. यादीतल्या प्रत्येक घटकावर तेच काम करणारं 'मॅप' आत-बाहेर दोनदा वापरून तशाच आकाराचा ॲरे परत करा. उत्तरं खाली आपोआप पसरतात. तिथले सेल रिकामे नसतील तर 'रेफ' एरर येतो. फंक्शन एकदा चालायला ३० सेकंदांची मर्यादा आहे.

असं फंक्शन स्वतःच्या उत्तराच्या जागेबाहेर दुसऱ्या सेलमध्ये काही लिहू शकत नाही. मूळ कॉलमच बदलायचा असेल तर मेनूतून चालणारी स्क्रिप्ट लिहा: सेल वाचणारं 'गेट व्हॅल्यूज' एकदा, सेलमध्ये लिहिणारं 'सेट व्हॅल्यूज' एकदा, आणि दोन्ही रेंज एकाच मापाच्या. पण आधी शीटची प्रत काढा.

बेरजेशेजारी 'तपासा' मोजणारा 'काउंटइफ' लावा. तो शून्य होईपर्यंत बेरीज कुणाला देऊ नका.