वावरात उन्हाचं पाणी कसं प्यायचं, अन् आतमधी एडीएच (पाणी राखणारं हार्मोन) काय करून राहते

मे महिन्यात आपल्याकडं ४५ डिग्री म्हणजे काही नवीन नाही, अन् नवतपा लागला की तर विचारूच नका. तरीबी दरसाली कोणी ना कोणी काम करता करता चक्कर येऊन धुऱ्यावर बसतेच. बरेचदा पाण्याची कॅन बाजूलाच असते, पिण्याची पद्धत चुकते.

आधी आतला कारभार समजून घ्या. मेंदूच्या खालच्या अंगाला हायपोथॅलॅमस आहे, रक्त किती घट्ट झालं हे तो सारखं मोजत राहते अन् एक-दोन टक्के फरक पडला तरी त्याले कळते. घट्ट झालं की त्यानं बनवलेलं एडीएच हार्मोन पिट्युटरी नावाच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून रक्तात सुटते, ते किडनीच्या शेवटच्या नळ्यांत पाण्याचे बारीक दरवाजे उघडते अन् लघवीत जाणारं पाणी परत रक्तात ओढल्या जाते. किडनी दिवसाला अंदाजे १८० लिटर गाळते अन् बाहेर येते दीड-दोन लिटर! बहुतेक पाणी तसंही परत येतेच म्हणा, एडीएचच्या हातात शेवटचा वाटा असते, पण लघवी पातळ का घट्ट हे तिथंच ठरते.

म्हणून पहिलं काम, लघवीचा रंग बघा. फिकट पिवळी म्हणजे ठीक. दुपारी गडद पिवळी, थोडीशीच होऊन राहिली तर एडीएच जोरात आहे, पाणी कमी पडलं. सकाळची पहिली गडद असली तर घाबरू नका, रात्री एडीएच वाढते म्हणून तर आपण सलग झोपतो. अन् बी कॉम्प्लेक्सची गोळी खाल्ली असेल तर रंगावर जाऊच नका.

आता प्यायचं कसं. तहान एडीएचच्या मागून येते, म्हणजे तहान लागेपर्यंत किडनीनं पाणी राखणं सुरू केलेलं असते. भर उन्हात जड काम असलं तर दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास, तासाला दीड लिटरच्या वर नको.

वर का नको, हे लोकायले पटत नाही. घामात पाण्यासोबत मीठ बी जाते. नुसतं साधं पाणी गटागट ढोसलं की रक्त पातळ होते, अशा वेळी एडीएच बंद व्हायला पाहिजे अन् जास्तीचं पाणी लघवीवाटे निघायला पाहिजे, पण घामानं रक्ताचं प्रमाण घटलेलं असलं, मळमळ होत असली तर एडीएच चालूच राहते. मग पाणी आतच अडते, रक्तातलं सोडियम (मिठातला भाग) उतरते, डोकं दुखते, उलटी होते, माणूस काहीबाही बरळते, अन् घरचे म्हणतात ऊन लागलं, पाजा अजून पाणी! म्हणून सोबत मीठ पाहिजे. मिठाचं ताक, आंबील, कैरीचं पन्हं, भाकरीसोबत ठेचा, एवढ्यात भागते. दुपारची शिदोरी न खाता नुसत्या पाण्यावर दिवस काढू नका.

हगवण-उलटी असेल तर ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, ग्लासात थोडंथोडं टाकून नाही, अन् २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट नसलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ. साखर चवीसाठी नाही बरं, आतड्यातून सोडियम साखरेच्या जोडीनं आत जाते अन् पाणी त्यांच्या मागं.

संध्याकाळी मोहाची किंवा बियर घेऊन थकवा काढणारे, दारू एडीएचले दाबते, प्याल त्याच्याहून जास्त मुताल. उन्हातून आल्यावर तर नकोच.

अंग तापलं अन् माणूस भ्रमात बोलून राहिला, तर घाम येत असो की नसो, उष्माघात समजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. सावलीत न्या, ओलं कापड, वारा, अन् १०८ ला फोन.

घरच्या म्हाताऱ्या माणसायची तहान वयानं मंदावते, त्यायले विचारत बसू नका, ग्लास हातात द्या. पण किडनीचा, हृदयाचा आजार किंवा बीपीची गोळी चालू असेल तर पाणी अन् मीठ किती हे डॉक्टरलेच विचारा, वरचा हिशोब त्यायच्यासाठी नाही.