सावंतवाडीची लाकडी खेळणी: पाहावीत कशी, घ्यावीत कशी

गोव्याकडे जाताना वाटेत अर्धा तास थांबून सावंतवाडीची लाकडी फळे विकत घ्यायची, असा बहुतेक प्रवाशांचा शिरस्ता असतो; परंतु ज्याला हे काम खरोखर समजून घ्यायचे आहे, त्याने या गावासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि खरेदी सर्वांत शेवटी करावी. कोकण रेल्वेचे सावंतवाडी रोड हे स्थानक गावात नसून मळगावला आहे, त्यामुळे तेथून पुढे रिक्षा किंवा एसटी धरावी लागते.

सकाळी प्रथम मोती तलावाच्या काठचा राजवाडा पाहावा. या संस्थानात चित्रकारीला राजाश्रय होता, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोप पावत चाललेल्या गंजिफाला येथील राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी नव्याने उभे केले. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने, म्हणजे एकूण 120 पाने. राजवाड्यात कारागीर काम करीत बसलेले असतील, तर घाई न करता थोडे अंतर ठेवून उभे राहावे. तळहातात मावेल एवढ्या पानावर मत्स्यावताराच्या माशाचे खवले ते एकेक करून भरतात, आणि कुंचला टेकवण्यापूर्वी श्वास क्षणभर रोखतात. त्या क्षणी प्रश्न विचारू नये. कुंचला वर उचलला की विचारावा. छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घेणे हे तर वेगळे सांगायला नको.

येथे नजर तयार झाली की मग लाकडी खेळण्यांची दुकाने असलेल्या चितार आळीत जावे. दुपारी जेवणाच्या वेळी बरीच दुकाने झाकलेली असतात, म्हणून जेवणापूर्वी किंवा उन्हे उतरल्यावर जाणे सोयीचे. फळे, भाज्या, भातुकली, पाट, चौरंग, पाळणे असा सारा माल दुकानांत मांडलेला असतो, त्यात बाहेरगावाहून आलेला मालही असू शकतो, तेव्हा “हे इथेच घडवलेले आहे का?” असे सरळ विचारावे. मागे काम चालू असेल तर ते पाहू देण्याची विनंती करावी. फळांसाठी पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वापरले जाते. लाखकामात लेथवर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात; घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. ती चकाकी वेगळी असते, आणि तेलरंगाने रंगवलेल्या वस्तूशेजारी ठेवून पाहिली की फरक चटकन कळतो.

वस्तू निवडताना ती उलटी करून पाहावी. बूड नीट घासलेले आहे का, देठ हलतो का, रंगाखाली भेग बुजवलेली दिसते का, हे तिथेच कळते. आंब्यावरची पिवळ्यातून लालीकडे जाणारी छटा हाताने चढवलेली असेल, तर दोन आंबे कधीच तंतोतंत सारखे निघत नाहीत, आणि माझ्या मते असा किंचित बेढब आंबाच घ्यावा. लहान मूल तोंडात घालील असे खेळणे घेताना कोणता रंग वापरला आहे, हे अवश्य विचारावे. भावाची घासाघीस फळांच्या टोपलीपुरती ठीक आहे. हाताने रंगवलेल्या गंजिफाच्या संचावर ती करू नये, कारण 120 पाने रंगवायला लागणारे दिवस आपण सकाळी डोळ्यांनी पाहिलेले असतात. नावाची पाटी किंवा विशिष्ट रंगाचा चौरंग हवा असेल, तर मागणी आधी नोंदवावी. गणपतीच्या तोंडावर मात्र कारागिरांना मान वर करायला फुरसत नसते. त्या दिवसांत नवे काम सांगून लगेच मिळण्याची अपेक्षा धरू नये.

परतीच्या प्रवासात उन्हाची काळजी घ्यावी. एकदा मी लाखेचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवले. घरी येईपर्यंत लाख मऊ होऊन कागद चिकटला होता, आणि एका डब्याच्या झाकणावर बातमीच्या दोन ओळी आजही उलट्या वाचता येतात. तेव्हापासून मी जुने सुती धोतर सोबत नेतो, त्याच्या पट्ट्या फाडून प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळतो आणि पिशवी पायाशी, सावलीत ठेवतो.