प्रोटीनची व्हायल उघडायच्या आधी हे वाचा
नाशिकला मे महिन्याच्या उन्हात पार्सल आलं की रिकॉम्बिनंट ह्युमन प्रोटीनची (लॅबमध्ये जनुक वापरून बनवलेल्या मानवी प्रोटीनच्या कोरड्या पावडरची) व्हायल, म्हणजे छोटी बाटली, आधी फ्रीझरमध्ये टाका. वापरायच्या दिवशी बंद असतानाच रूम टेंपरेचरला येऊ द्या, नाहीतर आत दमट हवा शिरते, पावसाळ्यात तर हे पाळाच. मग थोडा वेळ सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे मशीनमध्ये जोरात गरगर फिरवून पावडर तळाला आणा, कारण पावडर झाकणाला चिकटलेली असते, कधीकधी डोळ्याला दिसतच नाही, रिकामी समजून फेकू नका हं! डेटाशीटमध्ये (सोबतच्या माहितीपत्रकात) दिलेलाच बफर, म्हणजे पावडर विरघळवायचं द्रावण, व्हायलच्या कडेने हळू सोडा, 10 मायक्रोग्रॅमला 100 मायक्रोलिटर टाकलं की 100 मायक्रोग्रॅम प्रति मिली होतं. व्हॉर्टेक्स (मशीनवर जोरात घुसळणं) अजिबात नको, फेस आला की प्रोटीन बिघडू शकतं, नुसतं हलकेच फिरवा. लगेच छोटे अलिकॉट (एका वेळेपुरते वेगळे भाग) करून उणे 80 अंश सेल्सिअसला ठेवा, आणि एकदा वितळवलेला परत गोठवू नका.